नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात ग्रंथांनाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यातील अनेक जुन्या ग्रंथालयांच्या इमारतींची दुरुस्ती सध्या चालू आहे किंवा तिचे प्रस्ताव मंजुरीच्या टप्प्यावर आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. गळकी कौले, कुजलेले वासे, पावसाळाभर भिंतींना धरणारी ओल आणि लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा अशा अवस्थेत शंभर-सव्वाशे वर्षांची पुस्तके आपण फार काळ ठेवली. कुठे आमदार-खासदार निधीतून, कुठे जिल्हा नियोजन समितीतून, कुठे एखाद्या उद्योगाच्या सामाजिक दायित्व निधीतून पैसा उभा राहतो, भूमिपूजन होते आणि वर्ष-दीड वर्षाने नव्या दालनाच्या उद्घाटनाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. मधल्या काळात त्या इमारतीतली पुस्तके कोठे होती, कोणाच्या ताब्यात होती आणि त्यांतली किती परत आली, हे मात्र बातमीत कधी नसते. बऱ्याचदा ते संस्थेच्या इतिवृत्तातही नसते. ग्रंथपाल म्हणून सारी नोकरी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांत केल्यावर माझी खात्री झाली आहे की जुन्या संग्रहाची फार मोठी हानी नेमकी याच काळात होते आणि ती टाळता येण्यासारखी असते. म्हणून मागणी आधीच मांडतो. दुर्मीळ ग्रंथांच्या संरक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम, निविदेत स्वतंत्र कलमे आणि संस्थेत नावानिशी नेमलेला एक जबाबदार माणूस असल्याखेरीज कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या दुरुस्तीला निधी मंजूर होऊ नये.

ही मागणी अवाजवी वाटू नये म्हणून या इमारतींत आहे काय ते सांगितले पाहिजे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ १८३२ चा आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. मराठी मुद्रण या संस्थांच्या बरोबरीने वाढले. १८६७ साली मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा होण्यापूर्वी छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारजमा करण्याची आणि तिची यादी प्रसिद्ध करण्याची आजच्यासारखी घडी बसलेली नव्हती. त्यामुळे अभ्यासक ज्यांना दोलामुद्रिते म्हणतात त्या आरंभीच्या मराठी मुद्रितांची एखादी प्रत टिकली असेल, तर ती बहुधा अशाच एखाद्या वाचनालयाच्या कपाटात, एखाद्या वाड्यात किंवा मिशनऱ्यांच्या संग्रहात टिकली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली. तिच्यात नोंद सापडते पण पुस्तक कोठेच हाती लागत नाही, हा अनुभव जुन्या साहित्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना येतो. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडी छापावर, छापलेल्या पोथ्या, जुनी पंचांगे, नाटकांची चोपडी, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘विविधज्ञानविस्तार’ या जुन्या नियतकालिकांच्या फायली, संस्थानांचे प्रशासकीय अहवाल, ज्ञातिपरिषदांची इतिवृत्ते, गावातल्या एखाद्या वकिलाच्या पश्चात घरच्यांनी आणून दिलेला संग्रह, असे कितीतरी या कपाटांत आहे. यांतले बरेचसे पुन्हा छापले जाणार नाही आणि बाजारात विकतही मिळणार नाही.

आता काम सुरू होते तेव्हा प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. एका तालुक्याच्या गावी मी हे जवळून पाहिले. संस्थेचे नाव देण्याची गरज नाही, कारण कार्यकारी मंडळ मनाने चांगले होते आणि असे प्रकार एकाच गावापुरते नाहीत. वास्तुविशारदाचे आराखडे तयार झाले, कंत्राटदार ठरला, वाचनकक्षाच्या खुर्च्यांचे कापडसुद्धा निवडून झाले. पुस्तके हलवण्याचा विषय निघाला तो मजूर प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर. दोन दिवसांत सगळे रिकामे करायचे म्हणून हमाल लावले गेले. चालू कथा-कादंबऱ्या शेजारच्या शाळेच्या खोलीत गेल्या, कारण त्या सभासदांना लागणार होत्या. दुर्मीळ विभागातले ग्रंथ मात्र ‘कोणी मागत नाही’ म्हणून गोणपाटाच्या पोत्यांत भरून जिन्याखाली रचले गेले आणि त्यांवर ताडपत्री घट्ट बांधली गेली. नियतकालिकांचे जुने अंक सुतळीने आवळले होते. वरच्या मजल्याचा स्लॅब पडला, त्यावर रिवाजाप्रमाणे आळी करून पाणी साठवले गेले, ते जिन्याच्या भिंतीतून झिरपत राहिले, आणि मग पावसाळा आला. ताडपत्री सोडली तेव्हा पोत्यांतून येणारा वास मी विसरू शकत नाही. बाहेरच्या ओळीतल्या बांधीव खंडांच्या पुठ्ठ्यांवर हिरवी-काळी बुरशी होती आणि कापड बोटाला लागून निघत होते. सुतळीने आवळलेल्या गठ्ठ्यांत जिथे सुतळी रुतली होती तिथे प्रत्येक अंकाच्या कडेचा बोटभर तुकडा पडला होता, आणि गठ्ठा उचलला की पिवळा भुगा खाली सांडत होता. किती गेले, हेही कोणाला सांगता येईना, कारण हलवण्यापूर्वी दाखल नोंदवहीशी, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांकासह जिच्यात नोंदतात तिच्याशी, ताळा कोणी घातलाच नव्हता. शेवटी एक निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या पुस्तकांची, यादी तयार झाली, ठराव झाला आणि उरलेले रद्दीत गेले. नवे दालन खरोखर देखणे झाले होते.

हा केवळ निष्काळजीपणा मानून सोडून देणे मला बरोबर वाटत नाही, कारण त्यामागे बांधकाम आणि कागद यांच्या स्वभावाविषयीचे अज्ञान असते. बांधकामाला पाणी हवे असते आणि कागदाला पाणी चालत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १५० ते २०० लिटर पाणी घातले जाते. त्यातले काही सिमेंटशी संयोग पावते, उरलेले पुढे कितीतरी आठवडे हवेत जात राहते. त्यात स्लॅबवर साठवलेले आणि गिलाव्यावर मारलेले पाणी वेगळे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की कागदावर बुरशी धरू शकते, आणि प्रत्यक्ष भिजलेल्या पुस्तकावर ती दोन-तीन दिवसांत दिसू लागते. आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता एरवीही ८० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत नव्या, ओल्या भिंतींच्या खोलीत पुस्तके घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे म्हणजे ओल आत कोंडणेच होय. प्लास्टिक वरून येणारे पाणी अडवते, पण आतला दमट श्वास बाहेर जाऊ देत नाही. शिवाय जुन्या चिंध्यांच्या लगद्याच्या कागदाचे पुस्तक भिजले तर स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. फळीवर गच्च बसवलेली पुस्तके फुगली की एकमेकांना दाबत बाहेर येतात आणि त्यांची बांधणी उलते.

कागदांतही फरक असतो आणि तो हमालाला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण कार्यकारी मंडळाला ठाऊक असला पाहिजे. जुन्नरी कागदावरची हस्तलिखित पोथी पाहिली तर दीडशे-दोनशे वर्षांनंतरही तिचे पान वाकते. १८७० नंतर हळूहळू लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळेचा खळ दिलेला कागद आला आणि त्यातले आम्ल कागदाला आतून खात राहिले. म्हणून १८४५ च्या पुस्तकापेक्षा १९०५ चे पुस्तक अनेकदा अधिक ठिसूळ असते. असे पुस्तक पोत्यात कोंबून जिन्यावरून आपटत उतरवले तर बुरशीचीही गरज उरत नाही. ब्रेकरने भिंत फोडताना होणारी कंपनेसुद्धा सुटी पाने आणि तुटलेल्या शिवणीचे खंड यांना पुरेशी घातक असतात. सिमेंटची धूळ वेगळीच. ती बारीक असते, खरखरीत असते आणि ओलावा धरून ठेवते. कपाट बंद असले तरी दाराच्या फटीतून ती आत जाते आणि पानांच्या वरच्या कडेवर बसते, आणि मग पावसाळी हवेत तिचा चिकट थर होतो, जो कोरड्या ब्रशने निघत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येत नाही.

आपल्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक श्लोक लिहीत असत, तो अनेक वाचकांना पाठ असेल : ‘तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम् ॥’ तेल, पाणी, सैल बांधणी आणि अडाणी हात यांपासून मला वाचवा, असे पुस्तक म्हणते. लेखनिकाने अग्नीचा उल्लेख केलेला नाही, पण आजच्या दुरुस्तीच्या कामात सर्वांत मोठे भय आगीचेच आहे. लोखंडी तुळयांचे वेल्डिंग, जुने पाइप कापणारा गॅसकटर, गच्चीवर जलरोधक थर चिकटवताना वापरली जाणारी ज्योत, कंत्राटदाराने मीटरजवळून ओढलेली तात्पुरती वायर, रंगकामाचे थिनर आणि सगळीकडे पसरलेला लाकडाचा भुसा हे सगळे कोरड्या कागदाने भरलेल्या इमारतीत एकत्र येते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ रोजी दुरुस्ती चालू असतानाच आग लागली, हे सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. ग्लासगोच्या कलाविद्यालयाच्या जगप्रसिद्ध इमारतीतले ग्रंथालय २०१४ च्या आगीत नष्ट झाले, ते तसेच्या तसे पुन्हा उभारण्याचे काम चालू असताना २०१८ च्या जूनमध्ये इमारतीला पुन्हा, आणि पहिल्यापेक्षाही मोठी, आग लागली.

पण ग्रंथालयांच्या चालकांनी अभ्यासावे असे उदाहरण जर्मनीतील वायमारचे आहे आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. तिथले डचेस ॲना अमालिया ग्रंथालय सोळाव्या शतकातल्या एका राजवाड्यात आहे. अठराव्या शतकात त्या वाड्याचे ग्रंथालय केले गेले. ‘शाकुंतला’ची मुक्तकंठाने स्तुती करणाऱ्या जर्मन कवी गटेने १७९७ पासून १८३२ साली मृत्यू येईपर्यंत या ग्रंथालयावर देखरेख केली. इमारत जुनी झाली आहे, तारा जुन्या झाल्या आहेत, हे सर्वांना कळत होते. नूतनीकरण ठरले होते, पुस्तके ठेवण्यासाठी जमिनीखाली नवे भांडार जवळजवळ बांधून झाले होते आणि स्थलांतराला काही आठवडेच उरले होते. २ सप्टेंबर २००४ च्या संध्याकाळी छताखालच्या माळ्यावर आग लागली. सुमारे ५०,००० ग्रंथ जळून गेले. आणखी ६२,००० आगीने, धगीने आणि आग विझवण्याच्या पाण्याने खराब झाले. त्या रात्री कर्मचारी, अग्निशामक दलाचे लोक आणि गावकरी यांनी माणसांची साखळी करून सुमारे २८,००० पुस्तके हातोहात बाहेर काढली. ग्रंथालयाचे संचालक मिखाएल क्नोखे यांनी आत जाऊन ल्यूथरच्या बायबलची १५३४ ची प्रत आणली. भिजलेली पुस्तके लाइपझिगला नेऊन गोठवली गेली आणि गोठलेल्या अवस्थेतच निर्वात यंत्रात सुकवली गेली, कारण तेवढी पुस्तके बुरशी धरण्यापूर्वी हाताने वाळवणे कोणालाच शक्य नव्हते. इमारत २००७ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली, पण कडा जळालेल्या पानांना नवा कागद जोडण्याचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. श्रीमंत देश, प्रशिक्षित माणसे, ठरलेले नूतनीकरण आणि तयार होत आलेले भांडार असूनही हे घडले. क्रमात आधी काय असावे, हे या घटनेतून लख्ख दिसते. ग्रंथांचे स्थलांतर आणि विजेची तपासणी या गोष्टी कामाच्या शेपटीला बांधायच्या नसतात, त्या पहिल्या झाल्या पाहिजेत. आणि आपल्याकडे अशी आग लागली तर भिजलेली हजारो पुस्तके गोठवायला नेणार कोठे, याचा विचार निदान जिल्हा पातळीवर तरी करून ठेवायला हवा. मासळीची आणि फळांची शीतगृहे जवळपास सगळीकडे आहेत, त्यांच्याशी आधी बोलून ठेवणे अवघड नाही.

दुरुस्ती आपल्याच इमारतीची असली पाहिजे असेही नाही. जर्मनीतच कोलोन शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार ३ मार्च २००९ रोजी शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामामुळे काही मिनिटांत कोसळले. आतली माणसे वेळेवर बाहेर पडली, पण शेजारच्या घरातल्या दोन तरुणांचा जीव गेला आणि सुमारे ९० टक्के दप्तर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. मुंबईत फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या देखण्या इमारतीच्या जतनाला २०१५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर २०१७ मध्ये इमारतीचा एक दगडी तुकडा कोसळला आणि मेट्रोच्या भुयारी कामाच्या कंपनांचा प्रश्न थेट उच्च न्यायालयात गेला. पुण्या-मुंबईत आज ज्या वेगाने जुन्या वाड्यांच्या जागी तळघरांसह इमारती उभ्या राहत आहेत, तो पाहता शेजारी खड्डा खणला जातो तेव्हा ग्रंथालयाने काय करावे, हाही प्रश्न या विषयातच येतो.

मग करायचे काय? सर्वांत आधी गणती. काम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी दुर्मीळ आणि संदर्भ विभागातले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीशी ताडून पाहावे, मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ आणि दाखल क्रमांकाचे पान यांची साधी छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घ्यावीत आणि त्यांची एक प्रत संस्थेबाहेर ठेवावी. याला यंत्रसामग्री लागत नाही, दोन विद्यार्थी आणि एक जाणता माणूस पुरतो. या गणतीचा दुसरा फायदा असा की, काम संपल्यावर ‘पुस्तके हलवताना खराब झाली’ असे सांगून कोणालाही निर्लेखनाची यादी वाढवता येत नाही. दुरुस्तीच्या काळात आणि त्यानंतरचे एक वर्ष दुर्मीळ विभागातले एकही पुस्तक निर्लेखित करू नये, असा नियमच असावा.

पुस्तके भरायला पोती आणि सुतळी पूर्ण बंद. दहा-बारा किलोंच्या वर भरणार नाहीत असे मध्यम आकाराचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावेत, पुस्तके उभी किंवा आडवी ठेवावीत, पाने खाली आणि पाठ वर अशी कधीच नाही, कारण पानांच्या भाराने शिवण सुटते. मोठे बांधीव खंड आडवे ठेवावेत. सुट्या पानांच्या पोथ्या आपल्या पूर्वजांनी ठेवल्या तशाच दोन फळ्यांत धरून धुतलेल्या सुती बासनात बांधाव्यात. खोक्यावर क्रमांक आणि यादी असावी, आणि ती खोकी कोणत्या खोलीत गेली याची नोंद सही करून व्हावी. तात्पुरती जागा निवडताना ती कोरडी आहे का एवढेच पाहिले जाते. जमीन भार घेईल का, हे कोणी विचारत नाही. वर्गखोलीच्या जमिनीला चौरस मीटरला साधारण ३०० किलोंचा भार गृहीत धरलेला असतो, ग्रंथभांडाराला त्याच्या निदान दुप्पट लागतो. एका वरच्या मजल्यावरच्या वर्गात सारे ग्रंथालय रचून ठेवणे हे मुलांच्या आणि पुस्तकांच्या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. खोकी जमिनीपासून वीतभर उंच लाकडी चौकटींवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी जाऊन ती उघडून पाहावीत. वाळवी आणि कसर यांना हे एवढे पुरे पडत नाही, पण त्या लागल्याचे वेळेवर कळते.

सगळा संग्रह हलवणे शक्य नसेल आणि काही कपाटे इमारतीतच ठेवावी लागत असतील, तर त्यांच्याभोवती लाकडी चौकट आणि जाड कापड लावून खोली बांधकामापासून वेगळी करावी, वरून ताडपत्री असावी पण बाजूंनी हवा खेळती राहावी. छताचे काम सर्वांत आधी आणि पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावे; ते होत नसेल तर त्या वर्षी सुरूच करू नये. वेल्डिंग, गॅसकटर आणि ज्योतीची कामे ग्रंथालयाच्या लेखी परवानगीशिवाय होऊ नयेत. ती संध्याकाळी मजूर घरी जाण्याच्या दोन तास आधी थांबावीत आणि थांबल्यावर तासभर तरी तिथे माणूस बसावा, कारण ठिणगी भुशात धुमसत राहते आणि ज्वाला नंतर दिसते. रात्री मुख्य विद्युतप्रवाह बंद असावा. ही कलमे निविदेत असली तर कंत्राटदार ती दरात धरतो; नंतर तोंडी सांगितली तर तो मान डोलावतो आणि विसरतो, यात त्याचा दोषही फारसा नसतो.

परतीचा प्रवासही घाईने होतो. उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि गिलावा अजून ओला असताना कपाटे भरली जातात. साधा आर्द्रतामापक आज थोडक्या पैशांत मिळतो. नव्या दालनात सलग काही आठवडे तो ५५-६० टक्क्यांच्या खाली स्थिरावल्याशिवाय दुर्मीळ ग्रंथ आत जाऊ नयेत. पाहुण्यांना रिकामी मांडणी दाखवायला लाज वाटू नये. नव्या प्लायवूडच्या आणि एमडीएफच्या कपाटांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ महिनोन्‌महिने येत राहते आणि ती कागदाला मारक असते, म्हणून दुर्मीळ विभागाला भट्टीत रंग भाजलेली लोखंडी कपाटेच द्यावीत. वाळवीप्रतिबंधक औषध जमिनीत सोडायचे असेल तर पुस्तके आत येण्यापूर्वी बरेच आधी. आणि नव्या आराखड्यात दुर्मीळ विभाग तळमजल्यावर किंवा स्वच्छतागृहाच्या खाली नसावा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाचे जे नुकसान झाले ते पाहिल्यावर नदीकाठच्या गावांना तरी हे वेगळे सांगायला नको.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला पैशाचा. छोट्या ग्रंथालयाकडे खोके घ्यायलाही पैसे नसतात, हे खरे आहे आणि मी त्याच छोट्या ग्रंथालयांत नोकरी केली आहे. पण इमारतीच्या दर्शनी भागावर, कमानीवर, देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर जो खर्च होतो त्याचा लहानसा अंश यासाठी पुरतो. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्य योजनांतून आणि राज्याच्या हिश्श्यातून इमारतींना मदत मिळते, ती देतानाच ग्रंथसंरक्षणाचे लेखाशीर्ष वेगळे केले तर कोणावर नवा बोजा पडत नाही. मुंबईत किंवा पुण्यात कागदजतनाचे काम जाणणारी माणसे आहेत. त्यांची एक भेट आणि एक लेखी अहवाल एवढा खर्च मोठ्या कामात कोणाच्या नजरेतही भरणार नाही.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे : सगळे स्कॅन करून टाकू, मग मूळ प्रतींची एवढी काळजी कशाला? डिजिटल प्रती व्हाव्यात या मताचा मी आहे, आणि त्या झाल्याने दूरगावच्या अभ्यासकांची जी सोय झाली आहे ती अमोल आहे. पण घाईत झालेल्या स्कॅनमध्ये घडीची पाने, नकाशे, शेवटची जाहिरातीची पाने आणि समासातली टिपणे गळालेली मी अनेकदा पाहिली आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकावरचा वाचनालयाचा शिक्का, देणाऱ्याची स्वाक्षरी, कागदाचा पोत, शिळाछापातल्या शाईचा उठाव, बांधणीत पुठ्ठ्याला आतून लावलेले त्याहून जुन्या पुस्तकाचे पान, हे सगळे पुराव्याचे भाग आहेत आणि ते मूळ प्रतीतच असतात. शिवाय ठिसूळ पुस्तक स्कॅनरवर पालथे दाबले की ते त्याचे अखेरचे वाचन ठरते.

‘हे कोणी वाचत नाही’ हे कारण मात्र मला सर्वांत अधिक दुखावते. दुर्मीळ विभागातले पुस्तक वीस वर्षांत एकदाच मागितले जाते, पण ते मागणारा बहुधा लांबून आलेला असतो आणि त्याच्यासाठी दुसरीकडे प्रत नसते. त्या एका मागणीसाठीच आपल्या आधीच्या ग्रंथपालांनी, तुटपुंज्या पगारावर, त्या पुस्तकांत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ठेवून ती जपली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली ग्रंथालयांची दरवर्षी तपासणी होते. पुस्तकसंख्या, वाचकसंख्या, वर्गणी, कर्मचारी यांची माहिती घेतली जाते. ग्रंथालय संचालनालयाने एवढेच करावे की, शंभर वर्षांहून जुन्या ग्रंथालयांच्या इमारतीच्या कामाला निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत दुर्मीळ ग्रंथांची ताडून पाहिलेली यादी, स्थलांतराची जागा, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि राखून ठेवलेली रक्कम एका पानावर देणे बंधनकारक करावे, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना त्याच यादीशी पुन्हा ताळा घालावा. जिल्हा नियोजन समित्यांनाही हीच अट घालता येईल. ज्या ग्रंथालयांच्या निविदा आता निघणार आहेत, त्यांच्या सभासदांनी परिपत्रकाची वाट न पाहता येत्या सर्वसाधारण सभेत ही यादी तयार आहे का, पुस्तके कोठे ठेवणार आणि कोणाच्या सहीने, असे विचारावे आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल